गंधकाचे पोते, परकीय चलन आणि आपला ऊस



गेल्या महिन्यात गटवार सभा झाल्या. आसवनी प्रकल्पाची क्षमता वाढविण्यासाठी ऊसबिलातून टनामागे परतीची ठेव म्हणून कपात करावी, असा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे, हे आपणास ठाऊक आहेच. त्यावर एका गटात एक वयस्क सभासद उठून म्हणाले, "अहो साहेब, ऊस आम्ही लावतो, पाणी आम्ही देतो, गाळतो आपल्याच कारखान्यात. साखर खाणारा आपलाच माणूस. मग ब्राझीलमध्ये काय झालं अन् तेलाचा भाव काय झाला, त्यापायी आमची उचल का अडावी? अन् वरनं पुन्हा कपात?"

सभेत टाळ्या पडल्या. प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र दोन मिनिटांत देण्यासारखे नव्हते, म्हणून ते या अंकात देत आहोत. उत्तरासाठी आम्ही साखरेचा मुलूख सोडून कल्याणपलीकडच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जाणार आहोत. तिथे ऊस पिकत नाही. पण आपण रानात टाकलेले सुपर फॉस्फेट, सणासुदीला घेतलेले कृत्रिम रेशमाचे कापड, चुलीपाशी ठेवलेली काडेपेटी, यांचे धागे त्या पट्ट्याशी जुळलेले आहेत. गरीब देशाने कारखानदारी उभी करायची म्हटले म्हणजे कोणकोणत्या गाठी सुटतात आणि कोणत्या नव्या बसतात, हे तिथे जसे दिसते तसे पुस्तकात दिसत नाही.

हा पट्टा उभा कसा राहिला

पहिली गोष्ट काडेपेटीची. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेटीवर जबर आयात जकात बसविली. बाहेरून पेट्या आणून विकणाऱ्या स्वीडनच्या कंपनीने हिशेब केला की जकात भरण्यापेक्षा इथेच कारखाना काढलेला बरा. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपल्या ओळखीची विमको, स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना निघाला. जकातीची भिंत बांधली की कारखाना भिंतीच्या आत येतो, हा पहिला धडा.

साखरेचेही तसेच झाले. १९३२ साली साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा आला. तोपर्यंत देशात आधुनिक साखर कारखाने जेमतेम तीस होते. पुढच्या पाच वर्षांत ते एकशे तीसच्या वर गेले. जावाची साखर बंद झाली, पण मिलचे रोलर, बॉयलर आणि पॅन मात्र बोटीतूनच येत राहिले. साखर देशी झाली, यंत्र विलायतीच राहिले.

दुसरी गोष्ट आम्लाची. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ साली निघाली आणि तिने अंबरनाथला गंधकाम्ल व सुपर फॉस्फेट तयार करण्यास सुरुवात केली. रासायनिक खताच्या धंद्यात ती देशातील अगदी पहिल्या काही कारखान्यांपैकी एक.

तिसरी गोष्ट माणसांची. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्या बराकीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. ना जमीन, ना भांडवल, ना सरकारी नोकरी. या लोकांनी बराकीच्या खोलीत छोटे छोटे धंदे काढले. जी वस्तू बाजारात परदेशी म्हणून खपते ती उलगडून पाहायची आणि तशीच इथे करायची. "मेड इन यू.एस.ए." म्हणजे "उल्हासनगर सिंधी असोसिएशन" ही चेष्टा आपण सर्वांनी ऐकली आहे. चेष्टा सोडा, पण ज्या काळात आयातीला परवाना मिळत नव्हता त्या काळात या लोकांनी सरकारी योजनेवाचून, स्वतःच्या हिकमतीवर आयातीला पर्याय उभा केला, ही गोष्ट लहान नाही.

चौथी गोष्ट रेयॉनची. शहाड येथे सेंचुरी रेयॉन १९५६ साली सुरू झाली. त्याआधीच नदीपलीकडे मोहने येथे नॅशनल रेयॉन उभी राहिली होती. अंबरनाथला सरकारने आयुध निर्माणी आणि यंत्रांचे नमुने घडविणारा मशीन टूल प्रोटोटाईप कारखाना काढला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आल्या आणि त्यांना पाणी मिळावे म्हणून महामंडळाने बारवी धरण बांधले.

गंधकाची गोष्ट

आता या कारखान्यांच्या कोठारात डोकावू. आम्लाचा कारखाना घ्या, रेयॉनचा घ्या, नाही तर आपला साखर कारखाना घ्या, तिन्ही ठिकाणी एक पिवळे पोते दिसेल. ते गंधकाचे.

आपल्या कारखान्यात रसाला चुना देतात आणि भट्टीत गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. त्याने रस निवळतो आणि साखर पांढरी होते. टनभर उसामागे साधारण अर्धा किलो गंधक जळते. लाख टन गाळप केले की पन्नास टन गंधक गेले.

सुपर फॉस्फेटचे गणित आणखी उघड आहे. एक टन गंधक जाळून सुमारे तीन टन गंधकाम्ल होते. हे आम्ल फॉस्फेटच्या दगडाच्या भुकटीवर टाकले की दगडातील न विरघळणारे स्फुरद पिकाला घेता येईल अशा रूपात येते. आपण पन्नास किलोचे पोते आणतो, त्यासाठी साधारण अठ्ठावीस किलो दगड आणि सहा किलो गंधक लागलेले असते.

रेयॉनमध्ये लाकडाचा शुद्ध लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवितात. मग त्यावर कार्बन डायसल्फाईड सोडतात, जे कोळसा आणि गंधकापासून होते. तयार झालेला मधासारखा पाक बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडला की त्याचा चकचकीत धागा बनतो. म्हणजे इथे गंधक दोनदा लागले.

आता प्रश्न असा की हे गंधक यायचे कोठून? आपल्या देशात गंधकाच्या म्हणाव्या तशा खाणी नाहीत. ते अमेरिकेतून व इतर देशांतून बोटीने यायचे. फॉस्फेटचा दगड मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तकडचा. रेयॉनचा लगदा थंड देशांतील जंगलातला. यंत्रे युरोपची. म्हणजे कारखाना अंबरनाथला, कामगार कल्याण-कर्जतचा, गिऱ्हाईक आपण. आणि तरीही बंदरात बोट लागली नाही तर धुराडे थंड!

हे नुसते बोलणे नाही. कोरियाच्या युद्धात, १९५१ साली, जगात गंधकाची एवढी टंचाई झाली की कोणत्या देशाला किती गंधक द्यायचे हे आंतरराष्ट्रीय परिषदेत वाटून ठरविले जात होते. आपली गरज किती हे आपण ठरवायचे नव्हते, ते परिषदेने ठरवायचे. १९७४ साली मोरोक्कोने फॉस्फेट दगडाचा भाव एका वर्षाच्या आत चौपटीच्या वर नेला. त्याच सुमारास तेलाचाही भाव चौपट झाला. त्या वर्षी खताच्या दुकानापुढे रांगा लावलेली मंडळी आपल्यात अजून आहेत. पुढे २००८ साली गंधक आणि दगड दोन्हींचे भाव पुन्हा आभाळाला टेकले आणि वर्षभरात कोसळले.

देशाने काहीच केले नाही असे नाही. बिहारमध्ये अमझोर येथे गंधकयुक्त पायराईटच्या खाणी काढल्या. १९६८ साली राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे फॉस्फेट दगडाचा मोठा साठा सापडला. केरळात मावूर येथे बांबू व निलगिरीपासून रेयॉनचा लगदा होऊ लागला. पण एक गाठ सोडवावी तर दुसरी हाताला लागते. आज आपल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोल-डिझेल स्वच्छ करताना बरेच गंधक निघते, आणि ते आपल्या उपयोगी पडते. पण ते ज्या कच्च्या तेलातून निघते ते तेलच बाहेरून येते. पूर्वी गंधक पोत्यात यायचे, आता बरेचसे तेलात मिसळून येते, एवढाच फरक.

यातून दुसरा धडा निघतो. आयात थांबविण्यासाठी कारखाना काढला की आयात थांबते असे नव्हे. पुष्कळदा तिचे रूप तेवढे बदलते. पूर्वी धागा यायचा, मग लगदा, गंधक आणि यंत्र येऊ लागले. फायदा नक्कीच होतो, कारण मजुरी इथे राहते आणि कसब इथे मुरते. पण दोर संपूर्ण तुटत नाही.

परकीय चलन म्हणजे नेमके काय

आपल्या घरातला दाखला घेऊ. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी ज्वारी आहे, दूधदुभते आहे, मनुष्यबळ आहे. पोटाला काही कमी नाही. पण इंजिनाचा पिस्टन गेला, तर दुकानदार ज्वारी घेऊन पिस्टन देत नाही. त्याला रोकड लागते. आणि रोकड येते ती बाजारात जो माल खपतो त्याचीच. घरात धान्य असून विहिरीवरचे इंजिन बंद, पीक वाळते. घर आळशी नाही, गरीबही नाही, पण अडले कशाला तर रोकडीला.

देशाचे तसेच आहे. रुपये आपण छापू शकतो, डॉलर छापू शकत नाही. डॉलर मिळतो तो माल विकून, माणसे परदेशी जाऊन पैसे पाठवितात त्यातून, किंवा कर्ज काढून. प्रा. महालनोबिस यांच्या आराखड्यावर दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ साली सुरू झाली. पोलाद, यंत्रे, अवजड कारखाने यांवर भर होता. विचार चुकीचा नव्हता. यंत्र करणारे यंत्र आपल्याकडे हवे, हेच त्यामागचे सूत्र. पण ते यंत्र पहिल्यांदा तरी बाहेरूनच आणावे लागते. दोन वर्षांच्या आत परकीय चलनाची थैली रिकामी होत आली, आयातीवर कडक बंधने आली आणि १९५८ साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांची बैठक भरवावी लागली.

त्याच १९५८ सालात साखर निर्यात प्रोत्साहन कायदा झाला. सरकारने साखर परदेशी विकायला लावली, ती आपल्याकडे उतू जात होती म्हणून नव्हे, तर डॉलर-पौंड हवे होते म्हणून. म्हणजे शहाडच्या कारखान्यात जो परदेशी लगदा शिजत होता, त्याच्या किमतीत कोठे तरी आपल्या उसाचाही वाटा होता. आमच्या वयस्क सभासदांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. ऊस आणि परकीय चलन यांची सोयरीक आजची नाही, साठ वर्षांहून जुनी आहे.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पावणेपाच रुपयांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. १९९१ साली तर दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच चलन उरले. देशाचे सोने परदेशात पाठवून उसनवारी करावी लागली. घरात माणूस आजारी पडल्यावर बायकोच्या पाटल्या सावकाराकडे जातात, तीच ही गोष्ट.

निर्यात वाढवा म्हणणे सोपे

"मग निर्यात वाढवावी," असे कोणीही म्हणेल. पण कशाची? १९५० साली राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळे लिहून एकच गोष्ट दाखविली. साखर, कापूस, चहा, कातडी असा शेतमाल विकणाऱ्या देशांच्या मालाचा भाव यंत्रे विकणाऱ्या देशांच्या मालापुढे दीर्घकाळात घसरत जातो. कारण उघड आहे. माणसाची कमाई दुप्पट झाली म्हणून तो चहात दुप्पट साखर घालीत नाही. पण मोटार, फ्रीज, यंत्र मात्र घेतो.

१९७९ साली थर्लवॉल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनी हे गणितात बसविले. समजा आपली निर्यात दरसाल शेकडा ४ ने वाढते. आणि देशाचे उत्पन्न शेकडा १ ने वाढले की आयात शेकडा २ ने वाढते. तर कर्ज न काढता देश वर्षाला शेकडा २ पेक्षा जास्त वेगाने पुढे जाऊ शकत नाही. त्याहून जोरात धावला की थैली रिकामी होते आणि ब्रेक लावावा लागतो. वेग वाढवायचा तर दोनच वाटा. जगाला जो माल जास्त जास्त हवा असतो तो विकायला शिका, नाही तर ज्या गोष्टीला बाहेरचे बोट धरावे लागते ती घरी करायला शिका. पहिली वाट कसबाची आणि दुसरीही कसबाचीच.

साखरेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये जगाच्या बाजारात साखर पौंडाला ६० सेंटांच्या वर गेली. त्या वेळी आपल्या साखरेने देशाला भरघोस चलन मिळवून दिले आणि साखर कारखान्यांची मान ताठ झाली. चार वर्षांत तीच साखर आठ सेंटांच्या आसपास आली. १९८५ च्या जूनमध्ये तर तीन सेंटांच्याही खाली. ऊस तोच, शेतकरी तोच, मेहनत तीच. जवळचे उदाहरण घ्यायचे तर २०२१-२२ च्या हंगामात देशातून विक्रमी, सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. पण त्याच हंगामात, जून २०२२ पासून, निर्यातीवर बंधने आली, कारण घरात भाव वाढू द्यायचा नव्हता. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या मंडळाने आपल्या साखर धोरणाविरुद्ध निकाल दिला. आपल्या सरकारने त्यावर अपील केले. बाहेरून एक दोर, आतून एक दोर, आणि मध्ये आपली उचल.

तंत्र विकत मिळते, कसब मिळत नाही

आता तंत्राविषयी. मोहने येथील नॅशनल रेयॉन २००९ पासून बंद पडली. हजारो कामगारांचे संसार उघड्यावर आले. विमकोची मालकी स्वीडनकडून २००५ साली आयटीसीकडे गेली. एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्येची बंधने उठली आणि ज्या वस्तूंची नक्कल करून उल्हासनगरची गल्ली जगत होती, त्या वस्तू चीनमधून त्याहून स्वस्त येऊ लागल्या. भिंतीच्या आड वाढलेले रोप भिंत काढल्यावर टिकते की नाही, हे भिंत असताना मुळे किती खोल गेली यावर ठरते. नक्कल ही पहिली इयत्ता आहे. तिला कमी लेखू नये. पण पहिलीतच वीस वर्षे काढली तर पोरगे शिकले असे कोणी म्हणत नाही. ज्यांनी नक्कल करता करता स्वतःचे डोके चालविले, ते टिकले. उल्हासनगरने पुढे जीन्स कपड्याचा मोठा बाजार उभा केला, तो याच खटपटीतून.

साखर यंत्रसामग्रीत आपण पहिली इयत्ता ओलांडली, हे अभिमानाने सांगावे लागेल. जुन्या कारखान्यांत मिरलीस वॉटसन, स्टॉर्क, स्कोडा अशा परदेशी नावांच्या पाट्या असत. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी कारखान्याने पहिले गाळप केले, तेव्हाही देशात यंत्र बनविणारे हात फारसे नव्हते. पुढे वालचंदनगर, पिंपरीची बकाऊ वुल्फ, मद्रासची के.सी.पी., कलकत्त्याची टेक्समॅको अशा कारखान्यांनी संपूर्ण साखर कारखाने बनवायला सुरुवात केली. एकामागून एक सहकारी कारखाने निघत गेले, म्हणून त्यांना गिऱ्हाईक मिळाले. गिऱ्हाईक मिळाले म्हणून ते शिकले. शेअरचे पैसे आपण आपल्या कारखान्यासाठी भरले, पण त्यातून देशाचे यंत्रकसबही वाढले.

त्याहून मोठा दाखला आपल्या रानातलाच आहे. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्राची स्थापना १९१२ ची. तिथे निघालेल्या 'को' जाती जगातल्या अनेक देशांनी नेल्या. आपल्याकडे को ७४० ने एक काळ गाजविला, मग को ८६०३२ आली, पाडेगावच्या केंद्राने फुले २६५ दिली. या बियाण्याला ना गंधक लागले, ना बोट, ना डॉलर. टिपरी रानात गेली आणि उतारा वाढला. सर्व तंत्रांत असे तंत्र श्रेष्ठ, ज्याची किल्ली आपल्या खिशात असते.

माणसे आणि पाणी

देश पुढे जातो म्हणजे शेतीवरचा भार कमी होऊन माणसे कारखान्यात व इतर धंद्यात जातात, असे शास्त्र सांगते. १९५०-५१ साली देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. आता तो एक पंचमांशाहून कमी आहे. पण कामकरी माणसांपैकी शंभरातली चाळीसच्या वर अजून शेतीवरच आहेत. म्हणजे उत्पन्न शेतीतून निघून गेले, माणसे मात्र मागे राहिली. बदलापूर-अंबरनाथला लोकलमधून उतरणारी गर्दी पाहिली तर कळते की जी माणसे गेली तीही सगळी कारखान्यात गेली नाहीत. कोणी दुकानात, कोणी पहारेकरी, कोणी घरोघर सामान पोचविणारा. आपल्या गावची पोरेही त्यातच आहेत. पोरगा शहरात गेला याचा आनंद आहे, पण कायमच्या कामावर लागला का, हा खरा प्रश्न.

पाण्याची एक गोष्ट सभासदांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मावळातील आंध्रा नदीवर टाटांनी १९२२ साली ठोकरवाडीचे धरण बांधले. ते पाणी मुळात भीमा खोऱ्यातले. ते घाटाखाली भिवपुरीला सोडून वीज करतात आणि पुढे ते उल्हास नदीला मिळते. खालची शहरे आणि कारखाने उल्हास नदीवर जगतात. भीमेकाठचा शेतकरी त्या पाण्यावर हक्क सांगतो तेव्हा त्याचे म्हणणे उगाच नसते. आणि खालच्या कामगार वस्त्या त्या पाण्यावर वाढल्या, हेही खोटे नाही. वाढीला चलनाचा जसा बांध असतो तसा पाण्याचाही असतो. तोच बांध कचऱ्याचाही. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी नदी रंग आणि आम्ल पोटात घेऊन नाला झाली. जी कमाई आपण हिशेबात धरली, तिचा खर्च नदीने भरला.

आपल्यापुढचा ठराव

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आसवनीसाठी कपात कशाला?

देशाला लागणाऱ्या शंभर लिटर कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून येते. डॉलरच्या थैलीला सर्वांत मोठे भोक तेच. टनभर उसातून साखर काढल्यावर जी शेवटची मळी उरते, तिच्यापासून सुमारे दहा लिटर अल्कोहोल होते. त्या पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलला गंधक, लगदा, दगड यांपैकी काही बाहेरून आणावे लागत नाही. पूर्वी आपण साखर विकून चलन मिळवीत होतो, आता तेल वाचवून मिळवू शकतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. ही जमेची बाजू.

पण आम्ही एकच बाजू सांगितली तर आपल्याशी प्रामाणिक राहिलो असे होणार नाही. इथेनॉलची किंमत सरकार ठरविते आणि घेणाऱ्या तेल कंपन्या मोजक्या. ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी आली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली, आणि पूर्ण मोकळीक पुढच्या वर्षासाठीच मिळाली. ज्यांनी कर्ज काढून नवी यंत्रे बसविली होती त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. शिवाय मक्यापासून होणारे इथेनॉल आता मोठा स्पर्धक झाले आहे. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, हेही खरे. आणि लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघते. ते नीट जिरविले नाही तर आपल्याच विहिरी वालधुनी होतील.

म्हणून कपातीला डोळे झाकून हात वर करू नका, आणि डोळे झाकून विरोधही करू नका. सभेत पुढील गोष्टी विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

१. नव्या यंत्रातील किती भाग देशात होतो आणि दुरुस्तीचे सुटे भाग कोठून येणार? हंगामात एखादा भाग मोडला तर किती दिवस थांबावे लागेल?

२. प्रकल्प मळीवर, रसावर आणि धान्यावरही चालेल का? एक दार सरकारने बंद केले तर दुसरे उघडे आहे का?

३. वर्षातून किती दिवस चालला तर कर्जाचा हप्ता फिटतो? ऊस कमी पडला त्या वर्षी काय?

४. सांडपाण्याची व्यवस्था उत्पादनाच्या आधी पूर्ण होणार की नंतर?

५. कपातीची रक्कम परतीची आहे, तर ती किती वर्षांनी, किती व्याजाने, आणि कोणत्या खात्यातून परत मिळणार?

६. यंत्र चालविण्यासाठी आपल्या सभासदांच्या मुलांना शिक्षण मिळणार का, की बाहेरची माणसे येऊन किल्ली घेऊन जाणार?

या सहा प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर कपात ही कपात नाही, ती पेरणी आहे. नाही मिळाली तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबविण्याचा अधिकार आपलाच आहे. सहकारात सभासद मालक असतो, आणि मालकाने हिशेब विचारला तर त्यात कोणी राग मानू नये.

आमच्या वयस्क सभासदांना एवढेच सांगणे की, आबा, तुमचा प्रश्न खरा होता. ऊस आपला आहे, पण त्याचा भाव ज्या ताजव्यात ठरतो त्याची एक पारडी बंदरात आहे. ती बंदरातून उचलून आणणे आपल्या हाती नाही. पण आपल्या पारड्यात चांगले बियाणे, जास्त उतारा, मळीचा पुरा उपयोग आणि स्वतःचे कसब टाकणे आपल्या हाती आहे. अंबरनाथचे धुराडे गंधकाच्या बोटीची वाट पाहत थंड पडायचे. आपले धुराडे शक्यतो आपल्याच चिपाडावर पेटते राहावे, एवढी काळजी आपण घेऊ.

या विषयावर सभासदांनी आपली मते गट कार्यालयात लेखी द्यावीत. निवडक मते पुढील अंकात छापू.